सात पाण्यांची कोंबडी

रविवार उजाडला की सासरे बाह्या सरसावत. चाळीस वर्षं लाँड्री चालवलेला माणूस! कोंबडीचे तुकडे ते नळाखाली असे घुसळत, जणू एखाद्याचा मळकट शर्टच हाती लागलाय. सात पाणी, तीही नळ पूर्ण सोडून.

शेजारीच बाळाच्या बाटल्या वाळत असायच्या. आठ महिन्यांच्या नातीचं पोट महिन्यात दुसऱ्यांदा बिघडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी स्वयंपाकघराचीच चौकशी केली. कच्चं चिकन धुऊ नका, म्हणाल्या. जंतू शिजवल्यानं मरतात, धुतल्यानं चहूकडे उडतात.

सुनेनं घरी येऊन हे सांगितलं, तर सासऱ्यांचा पारा चढला. म्हणजे आमच्या धुण्यात खोट? दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत; चहासुद्धा फ्रिजकडे बघून मागायचे.

पुढच्या रविवारी सुनेनं त्यांच्या हातात निळीत घोळवलेला बटाटा ठेवला. "बाबा, तुमच्या पद्धतीनं धुऊन दाखवा ना."

त्यांनी तो इमानेइतबारे सात पाण्यांतून काढला. बटाटा बराचसा उजळला. पण ओटा, फरशी, चिरायला काढलेली काकडी, सगळीकडे निळे ठिपके! टकलावर तीन. ते सासूबाईंनी मोठ्यानं मोजले. सासरे मात्र बाळाच्या बाटलीकडे बघत होते. बुचावर एक निळा थेंब होता.

"बाबा, रंग जाणारा सदरा तुम्ही पांढऱ्या कपड्यांत टाकला असता का?" सुनेनं हळूच विचारलं.

"गिऱ्हाइकानं मलाच पिळून वाळत घातलं असतं."

"कच्चं चिकन म्हणजे तोच सदरा. फक्त याचा रंग दिसत नाही."

सासऱ्यांनी बाटल्या उचलून स्वतः उकळायला ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये त्यांचं राज्य सुरू झालं. चिकन झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. अंडी न धुता आपल्या खोक्यात. तडकलेली दोन सरळ कचऱ्यात. चिकनची सुरी आणि चिरायची फळी वेगळी. डब्यावर लाँड्रीतली जुनी चिठ्ठी डकवलेली: 'रंग जातो. वेगळे ठेवा.'

तेव्हा मंडळी, कच्चं चिकन नळाखाली धरू नका. झाकून वेगळं ठेवा, आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा. अंड्याला किंवा चिकनला हात लागला, की साबणानं हात धुवा. हातांना सात पाणी दिलंत, तरी सासऱ्यांची हरकत नाही!