लढाईवरून परत आलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रुग्णगाडी आहे. आकुर्डीत मात्र मला या नावाने कोणी ओळखत नाही. इथे मी नुसती ‘गेनबाची गाडी’. माझ्या अंगावरचा तांबडा क्रॉस उन्हापावसाने पार उडाला आहे, टपावर कोंबड्या बसतात आणि एक दार तर सुतळीने बांधलेले आहे. तरी मी लष्करातली आहे हे विसरलेले नाही. तेव्हा ऐकायचे असेल तर नीट मांडी घालून बसा, चुळबुळ करू नका.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते, सगळीकडे घाई होती. अंगावरचा रंग पुरता वाळायच्या आत मला बोटीत चढवले आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आणून सोडले. तिथला चिखल काय सांगू! आघाडीवर जखमी झालेल्या जवानांना उचलायचे आणि तंबूतल्या दवाखान्यात पोहोचवायचे, हे माझे काम. माझ्या पोटात चार जण निजत. कोणी आईला हाक मारी, कोणी पाणी मागे. कोणी काहीच मागत नसे, आणि अशांचीच मला जास्त भीती वाटायची. माझा चालक खड्डे चुकवताना देवाचे नाव घेई. मी कधी वाटेत बंद पडले नाही म्हणून साहेब लोक माझ्या पुढच्या पत्र्यावर थाप मारीत. त्या थापेचा मला फार अभिमान होता. आता हसू येते.

लढाई संपली आणि माझी गरजही संपली. मला देहूरोडच्या लष्करी डेपोत आणून इतर गाड्यांच्या रांगेत उभे केले. चाकांमधून गवत उगवले, पोटात मुंगसाने घर केले. पुष्कळ वर्षांनी लिलाव झाला, तेव्हा मी भंगारात निघाले. बाकीच्या गाड्यांचे पत्रे कापून नेले. मला मात्र गेनबाने घेतले.

गेनबा आकुर्डीचा शेतकरी आणि त्याच डेपोतला मिस्त्री. बोलणे थोडे, काम फार. तो कामावरून आला की माझ्याखाली शिरायचा आणि अंधार पडल्यावरच बाहेर यायचा. सगळे गाव त्याची थट्टा करी. “काय राव गेनबा, गाडी तर आणली. आता आमी आजारी पडायचं तेवढं बाकी हाय!” गेनबा म्हणे, “पुण्याच्या मंडईत भाजी न्यायला आणलीया.” अखेर माझे यंत्र धडधडू लागले, त्या दिवशी आळीतली सगळी पोरे नाचली.

एक माणूस तेवढे आले नाही. गेनबाची बायको कुशाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “लोखंड आलं परत लढाईवरनं. माझा भैरू न्हाई आला.” आणि ती आत निघून गेली.

भैरू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. फौजेत भरती होऊन तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला होता. एक दिवस तो बेपत्ता झाल्याची तार आली. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असे कुशाबाईने त्याच दिवशी ठरवून टाकले. तेव्हापासून ती रोज एक भाकर जास्त थापत असे.

एका दुपारी घरात कोणी नसताना ती माझ्याजवळ आली. तिने मागचे दार उघडले, जवान निजत त्या फाटक्या कापडावरून हात फिरवला आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, “तू बघितलंस का गं त्याला? कपाळावर वण हाय. लहानपणी गोठ्याच्या दारावर आपटला व्हता.”

मित्रांनो, माझ्या जन्मात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. गाडीचे डोळे पुढे असतात. मागचे तिला ऐकू येते, पण निजलेल्यांची तोंडे दिसत नाहीत. मराठी बोलणारी किती मुले मी वाहून नेली, पण त्यांत भैरू होता की नाही हे मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असते तरी मी सांगणार कशी? बराच वेळ वाट पाहून तिने पदराने माझ्या दाराची धूळ पुसली. दुसऱ्या दिवसापासून ती मला झाडू लागली.

एकोणीसशे छप्पन साल उजाडले. एका संध्याकाळी गेनबाचा थोरला भाऊ कोंडाजी माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसला. “बारा वर्सं भरली,” तो म्हणाला. “आता पुतळा करून पोराला अग्नी द्याया पायजे. जीव तिकडं वणवण फिरतुया त्येचा.”

तुम्हांला ही रीत माहीत नसेल. घरातून गेलेल्या माणसाचा बारा वर्षे काहीच पत्ता लागला नाही, तर पळसाची पाने आणि दर्भ घेऊन त्याचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि मंत्र म्हणून त्याला अग्नी देतात. मग तो माणूस गेला असे धरतात.

“ती तयार व्हायची न्हाई,” गेनबा म्हणाला. “जित्या पोराला जाळायचं म्हनून ऊर बडवून घेईल.”

“तिला सांगतंय कोन? फिरायला म्हनून काढ घरातनं. आळंदीला मी समदी तयारी करून ठेवतो. एकदा घाटावर आली की करील काय?”

गेनबाने माझ्या चालवायच्या चाकावरची धूळ तळव्याने पुसली. मग मान हलवून ‘बरं’ म्हणाला.

आमच्या भागात नवराबायकोने नुसते फिरायला जाणे ही ऐकिवात नसलेली गोष्ट. माणसे देवाला जातात, लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. पण गेनबाने माझ्या पोटात लाकडी फळ्यांचे दोन बाक ठोकले, त्यांवर वाकळा अंथरल्या, खाली रॉकेलचा स्टोव्ह आणि भांडी ठेवली. खिडकीला कुशाबाईच्याच जुन्या लुगड्याचा पडदा लावला. “गाडीतच रांधायचं, गाडीतच निजायचं. चार गावं बघून येऊ,” तो म्हणाला. कुशाबाई आधी लाजली, मग म्हणाली, “अवं, लोक काय म्हनतील?” आणि लगेच तिने मीठमिरचीची पुडी बांधायला घेतली. पन्नाशीच्या बाईची ती लगबग पाहून मला भरून आले. गेनबा मात्र तिच्याकडे बघत नव्हता.

आम्ही देहूला गेलो. इंद्रायणीच्या काठी कुशाबाईने माशांना चुरमुरे टाकले. एक मोठा मासा उसळून तिच्या हातावर पाणी उडवून गेला तशी ती खळखळून हसली. बारा वर्षांत ती हसल्याचे कोणी ऐकले नव्हते. गेनबा माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ पुढे आलाच नाही.

तळेगावावरून आम्ही चाकणला आलो. बाजाराचा दिवस होता. तिने बांगड्या पाहिल्या, भेळभत्ता खाल्ला, मग दोघे भुईकोट किल्ला पाहायला गेले आणि मला खंदकाजवळ उभे केले.

“एवढ्या जाड भिंती, तरी पडला व्हय?” कुशाबाईने विचारले.

“पडला. पर किल्लेदार लई दिस झुंजला म्हनत्यात.”

“मग? त्यो गेला का घरी?”

गेनबाने खंदकात एक खडा भिरकावला. “गेला म्हनत्यात,” तो म्हणाला.

“बघा,” कुशाबाई म्हणाली. “येत्यात परत मानसं.”

दुपारी गेनबाने खानावळीतून मटणाचा रस्सा, थोडे वरण आणि बाजरीच्या भाकरी आणल्या. चारचौघांत बसून खायची तिला सवय नव्हती, म्हणून दोघे माझ्यातच पडदा ओढून जेवायला बसले. गेनबाने स्वतःच्या ताटात नुसते वरण वाढून घेतले. “पोटात बरं न्हाई,” तो म्हणाला. तिने एक भाकर फडक्यात बांधून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “भैरूला इथला रस्सा लई आवडला असता, न्हाई?” गेनबाच्या डोळ्यांतले पाणी माझ्या फळीवर टपटपले. “तिखट लागलं,” असे म्हणून त्याने तोंड फिरवले. वरण का कधी तिखट असते? माझे यंत्र चालू असते तर तिथेच बंद पडले असते, म्हणजे आळंदी टळली असती. पण गाडीला स्वतःहून काही करता येत नाही. चालवील तिकडे जायचे.

दुसऱ्या दिवशी आळंदीला पोहोचलो तेव्हा सकाळची उन्हे घाटावर आली होती. कुशाबाई हौसेने खाली उतरली. चार पावले गेली आणि थबकली. पायरीवर कोंडाजी बसला होता. शेजारी एक वृद्ध गुरुजी, वस्तरा पाजळणारा न्हावी आणि मधे पानांचा, दर्भाचा, माणसाएवढा पुतळा.

तिला कोणी काही सांगावे लागले नाही.

“ताटात मटण घेतलं न्हाई तवाच मला समजाया पायजे व्हतं,” ती गेनबाला म्हणाली. “मला हसवत हसवत इथवर आनलं तुमी. पोराला जाळायला.”

गेनबा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. “रोज सपनात येतो गं. घसा सुकलेला असतो त्येचा. ‘बाबा, पानी’ म्हनतो. बारा वर्सं मी एकटाच ऐकतोय.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तू वाट बघत व्हतीस. कसं सांगू?”

एका घरात, एका छपराखाली, एक जण येणाऱ्याची वाट पाहत होती आणि एक जण गेलेल्यासाठी रडत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी लढाईत पुष्कळ दुःख पाहिले, पण असे नाही.

ती पुतळ्याजवळ गेली. वाकून तिने नारळावरून हात फिरवला, कपाळ जिथे असायचे तिथे. मग म्हणाली, “पानी मी देते त्याला. पर हितं न्हाई. आधी घरी न्यायचं.”

“खुळी झालीस काय?” कोंडाजी ओरडला. “भायेरचं मढं कोनी गावात आनतं व्हय?”

थोरल्या दिरापुढे कुशाबाईने जन्मात कधी तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी तिने पदर सावरला आणि सरळ त्याच्याकडे पाहून विचारले, “मंतर म्हनलंत का दादा?”

“न्हाई अजून.”

“मग मढं कुठं हाय? मंतर होस्तवर माझा भैरू जिता हाय. लढाईवर गेला, त्यो उंबऱ्यात आलाच न्हाई. एकदा येऊ द्या घरी. मग न्या कुठं न्यायचा तिथं.”

सगळे गुरुजींकडे पाहू लागले. म्हाताऱ्याने पोथी मिटली. “असे करावे म्हणून शास्त्रात लिहिलेले नाही,” ते म्हणाले. “पण करू नये असे लिहिल्याचेही मला आठवत नाही. चला, मी पुढे बसतो. मुलाजवळ आईला बसू दे.”

गेनबाने आणि कुशाबाईने पुतळा उचलून माझ्या पोटातल्या बाकावर निजवला. तिने त्याच्यावर वाकळ पांघरली. गेनबाने मला सुरू केले आणि भोसरीच्या वाटेने आम्ही निघालो. मित्रांनो, तो मला किती हळू चालवत होता म्हणून सांगू! एकेक खड्डा चुकवत होता, ब्रह्मदेशात माझा चालक चुकवायचा तसाच. मागून कुशाबाईचा आवाज येत होता. “ही भोसरी रं. आता चिंचवड लागंल. आता आलंच बाबा घर.” मी इतकी मुले वाहून नेली. आघाडीवरून दवाखान्यात नेली, कधी दवाखान्यातून खड्ड्याकडे नेली. कोणाच्या दारात मी एकालाही पोहोचवले नव्हते. भैरू पहिला.

कोंडाजीने सायकलवरून पुढे येऊन बातमी सांगितली होती, त्यामुळे आकुर्डीत सगळे गाव आमच्या दारात जमले होते. कोंडाजीला वाटले होते, लोक अडवतील. कोणी अडवले नाही. कुशाबाई आत गेली, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. परगावाहून आलेल्या मुलावरून ओवाळतात, तसा तिने तो तुकडा ओवाळून टाकला, उंबऱ्यावर पाणी ओतले आणि म्हणाली, “ये रं बाबा. लई उशीर केलास.”

दुपारपर्यंत तो घरात होता. आई त्याच्याशी काय बोलली ते मला ठाऊक नाही, मी बाहेर उभी होते. मग पवनेच्या काठी मंत्र झाले. आईने आपल्या हाताने पाणी दिले, बापाने अग्नी दिला. वाळकी पाने ती, कितीसा वेळ जळणार? मी रिकामी परत आले.

त्यानंतर दोन-तीन वर्षे मी मंडईत भाजी नेली. पुढे गेनबाचे हात थरथरू लागले आणि मला या बाभळीखाली उभे केले ते आजतागायत. यंत्र गंजले, चाके गेली. माझी काही तक्रार नाही. तुम्ही माझ्या टपावर चढा, भोंगा वाजवा, मला चालवत पार मुंबईला न्या. पण मित्रांनो, शिमगा जवळ आला आहे, आणि तुम्ही होळीसाठी लाकडे शोधत माझ्या मागच्या दारातून डोकावता, हे मला कळते. माझे लाकडी दार न्या, हवे तर बाजूच्या पट्ट्या न्या. आतल्या बाकांच्या फळ्यांना तेवढा हात लावू नका. कुशाबाई अजून दुपारी तिथे येऊन बसते, आणि हल्ली गेनबाही तिच्याशेजारी बसतो.