अख्खा माणूस मावणारी टाकी

मित्रांनो, माझ्या पोपडे उडालेल्या रंगावर जाऊ नका. मी एक जुनी लोखंडी टाकी आहे खरी, पण गच्चीवर बसून नळाची वाट बघणाऱ्यांतली नव्हे. शहाडच्या बाप्तिस्ट मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या एका चर्चमध्ये, माणसं गंभीर चेहऱ्याने माझ्यात उतरत आणि हसत बाहेर येत!

माझा जन्म १९८३ साली कोपरीत, पोपट मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये झाला. त्याआधी मंडळी बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या स्नानासाठी, खडवलीला नदीवर जात. पावसाळ्यात नदी फुगलेली, उन्हाळ्यात पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. म्हणून मंडळीचे धर्मगुरू, पाळक महिपतराव यांनी टाकी करायला सांगितली. मिस्त्रींनी विचारलं, "किती लिटरची?"

"अख्खा माणूस आडवा बुडेल एवढी," पाळक म्हणाले.

मिस्त्रींच्या हातातली पट्टीच गळून पडली. "साहेब, कोणाला बुडवायचंय? आपल्याला पोलिसाचं लफडं नको हां!"

पाळकांनी त्यांना समजावलं, तेच तुम्हाला सांगते. बाप्तिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला कळतं आणि जो स्वतःच्या तोंडाने "माझा विश्वास आहे" म्हणतो, त्यालाच देतात. तोही सबंध बुडवून, म्हणजे जुनं आयुष्य पुरलं आणि नवं वर आलं. आणि मंडळीचा कारभार वरून कुणी साहेब हाकत नाही. सभासद हात वर करून ठरवतात.

या मंडळीत विमलाबाई पेटी वाजवायच्या. पण त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी, दुसऱ्या चर्चमध्ये, कपाळावर पाणी शिंपडून झालेला. तो इथे धरत नसत, त्यामुळे त्या सभासद नव्हत्या. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत सभासद भाकर खातात तेव्हा, भाकरीचं ताट दर वेळी त्यांना ओलांडून पुढे जाई. मला फार वाईट वाटे. बाबा दुखावतील म्हणून त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नव्हता. बाबा गेल्यावर त्यांनी मन पक्कं केलं, आणि नेमका खुबा मोडला. आता माझी शिडी चढणार कशी?

१९९१ साली माझ्यासमोरच सभा भरली. पाळक म्हणाले, "पावणेचारशे वर्षांपूर्वी हॉलंडात आपल्या पहिल्या बाप्तिस्ट लोकांनी पाणी ओतूनच बाप्तिस्मा घेतला होता. बुडवणं तीसेक वर्षांनी इंग्लंडात सुरू झालं. मग बाईंवर तांब्याने पाणी ओतलं तर काय बिघडलं?"

"उद्या कोणी म्हणेल, ओल्या रुमालाने पुसा!" खजिनदार रतनराव उसळले.

बरीच खडाजंगी झाली. शेवटी हात वर झाले आणि तांब्या जिंकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीजवळ बसलेल्या विमलाबाई काठी टेकत उठल्या.

"तान्ही होते तेव्हा बाबांनी ठरवलं, आज तुम्ही ठरवलंत. ज्याने त्याने स्वतः ठरवावं म्हणून तर तुमची मंडळी निघाली ना? मग मला विचारलंत का कोणी?"

रतनराव पंख्याकडे बघू लागले. पाळकांचे कान लाल झाले. "चुकलं बाई. सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"बुडायचंय," त्या म्हणाल्या, "खुर्चीसकट!"

पुढच्या रविवारी चौघांनी घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसवून त्यांना अलगद माझ्यात उतरवलं. खुर्चीचा एक पाय खुद्द रतनरावांनी धरला होता. बाईंनी मोठ्याने विश्वास कबूल केला. पाळकांनी खुर्ची मागे कलती केली, बाई पाण्याखाली गेल्या आणि वर आल्या. पुढच्या दोन रांगा भिजल्या.

"अगं बाई, किती गार!" म्हणत त्या खळखळून हसल्या. त्या दिवशी भाकरीचं ताट त्यांच्यापाशी थांबलं. त्यांनी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आता तिथे फरशीचा हौद झाला आहे आणि मी मागच्या अंगणात गंजते आहे. कोणी म्हणतं भंगारात द्या, कोणी म्हणतं माती भरून झेंडू लावा. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण कुणाच्या भल्याचं ठरवायला बसाल, तेव्हा आधी त्यालाच विचारा. आजीला विचारा, धाकट्या बहिणीला विचारा, आणि जमलं तर मलाही विचारा.

मी झेंडू म्हणेन.