शेगडीवर भाजलेलं मोहोळ

टण्ण! चिमटा शेगडीवर आपटला आणि नसरीन दचकून उठली. बाहेर पावसाची बुरबुर चालू होती, लेक सबिहा कुशीत गाढ झोपलेली. तेवढा एक आवाज सोडला तर घर अगदी चिडीचूप.

श्रावणात भोरला काही म्हणता काही वाळत नाही. घरोघर शेगडीवर टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे शेकायचे. आजही टोपल्यावर सबिहाचा शाळेचा झगा पसरला होता. त्यात नवल नव्हतं. पण टोपल्याखाली, निखाऱ्यांच्या अगदी काठाला, नसरीनची काचेची बशी ठेवलेली होती.

"बघ गं, कसं लख्ख केलं!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. सबिहा झाल्यापासून सगळं घर त्यांना दादी म्हणायचं, नसरीनसुद्धा. "पांढुरकं, दमट पडलं हुतं. म्हटलं, आज पुण्याचे सर यायचेत, ओलं कसं दाखवायचं?"

नसरीननं ओढणीत धरून बशी खिडकीशी नेली. काल तिच्या तळाला दुधावरच्या सायीसारखा प्लास्टिकचा पापुद्रा होता. तिरपा धरला की मोरपिसाचे रंग उमटायचे. आता नुसती नितळ काच दिसत होती. राहवलं नाही म्हणून तो पापुद्रा तिनं कॉलेजातून घरी आणला, उशाशी ठेवला. चूक म्हणायची तर तिचीच.

"दादी, ती ओल नव्हती," ती हळूच म्हणाली. "भोकं होती. बारीक, डोळ्यांना न दिसणारी. त्यांच्यामुळंच ते पांढरं दिसायचं. शेकलं तसं प्लास्टिक वितळलं आणि भोकं बुजली."

दादींचा हात चिमट्यावरच थांबला. "या अल्ला! आन् आता गं?"

आता काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या पुण्याच्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, भोरच्या कॉलेजात हा पापुद्रा जमला तर संशोधन तिथंच करा. नाही तर पुण्यात येऊन राहा, आमच्याकडे दमट हवा सोडणारं यंत्र आहे. पुण्यात राहायचं म्हणजे सबिहाला रविवारपुरतं भेटायचं.

"आता परत करायचा," नसरीन म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

सर आले तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. माशांच्या टाकीतला पंप बाटलीतल्या पाण्यात गुडगुडत होता. सरांनी त्याकडं पाहून भुवया उंचावल्या.

"हे तुमचं यंत्र?"

"होय सर. बाकीचं काम भोरची हवा करते."

प्लास्टिक विरघळवलेलं द्रावण तिनं नव्या बशीत पातळ ओतलं आणि वरून पाण्यातून आलेली दमट हवा सोडली. द्रावक उडू लागला तसा पृष्ठभाग गार पडला. गार तांब्याला घाम फुटावा तसे त्यावर थेंब जमले, इतके बारीक की नुसतं धुकं वाटावं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. थेंब आपले आपण शेजारी शेजारी बसतात. प्लास्टिक प्रत्येकाभोवती कड धरतं म्हणून एकमेकांत मिसळत नाहीत. मग तेही उडून जातात आणि त्यांच्या जागी भोकं उरतात. बशीवर हळूहळू साय धरली. तिरपी केली, तर तेच मोरपीस!

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ वर बघेनात. वर पाहिलं तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "सगळी भोकं एकसारखी. अशा जाळीवर कातडीच्या पेशी छान वाढतील. तुम्ही पुण्याला येऊ नका. आमच्याच पोरांना इकडं पाठवतो."

नसरीनला हसू आवरेना. बी.एस्सी.ला पहिली आली तेव्हाही छाती इतकी भरून आली नव्हती.

तेवढ्यात दादी डबा घेऊन आणि सबिहाला धरून दारात. आत यायला कचरत होत्या. नसरीननं द्रावणाची बाटली बंद करून कपाटात ठेवली, हात धुतले आणि त्यांना ओढतच सूक्ष्मदर्शकाशी आणलं. दादींनी एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"अगं बया, मोहोळ!" त्या ओरडल्या. "आन् म्या हे सकाळी भाजलं व्हय गं?"

"व्हय दादी. चांगलं खरपूस."

"मग सरास्नी सांगितलंस का, कुणी भाजलं ते?"

"आता तुम्हीच सांगितलंत की!"

सरसुद्धा हसले. दादींनी पदर तोंडाला लावला, पण लगेच मान ताठ करून म्हणाल्या, "आमची सून हाय म्हटलं. एक भाजलं तर दुसरं करती."

सबिहाला स्टुलावर उभं करून नसरीननं तिच्या डोळ्याशी नळी आणली. पोरीनं नळीला डोळा चिकटवला. मग बोट नाचवत म्हणाली, "किती घरं! कोणाची गं?"

"पाण्याच्या थेंबांची. प्रत्येकानं आपलं घर केलं आणि गेला उडून."

खिडकीतून ओली हवा आत येत होती. सबिहानं एकदा बाहेर पाहिलं, परत नळीत पाहिलं, मग आईचा हात घट्ट धरून विचारलं,

"अम्मी, एवढं छान घर केलं, मग त्यांना तिथंच का नाही राहू दिलं?"