नळीला उजेड लागला

डब्यात बाटली नव्हती, तरी आकडा धावत होता.

तृप्ती भोयेने झाकण पुन्हा घट्ट दाबलं, वरून काळं कापड दुहेरी गुंडाळलं, कडांना काळी टेप दाबली आणि यंत्र परत सुरू केलं. तेच. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ठोके. आत मिट्ट काळोख, आणि नळी आपली बोंबलतेय, उजेड, उजेड, उजेड!

दिंडोरी रोडवरच्या या कॉलेजात ती पीएचडी करत होती. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. इलेक्ट्रॉन विशिष्ट द्रवातून धावला की थोडा प्रकाश सांडतो. दांडगा इलेक्ट्रॉन असेल तर कुणालाही दिसतो. पण मरतुकडा असेल तर उजेडाचे जेमतेम चार कण निघतात. ते पकडायला तृप्तीने स्वतःचा द्रव घडवला होता. हवा लागली की त्याचा उजेड मरतो, म्हणून नायट्रोजन सोडून आतली हवा हुसकली होती आणि बाटली सीलबंद केली होती. आणि तो उजेड बघायला डब्यात ही काचेची नळी, एकेका कणाला ओरडणारी. तिचा नियम एकच. विजेचा दाब चालू असताना तिला बाहेरचा उजेड दाखवायचा नाही. दाखवला की ती गेलीच.

आज मुंबईहून प्रतिभा मॅडम येणार होत्या. जमिनीखाली खोल एक मोठा प्रयोग उभा राहत होता, त्यात कुणाचा द्रव भरायचा ते ठरवायला. नाशिक शेवटचं ठिकाण. आज दिसलं तर तृप्तीचा द्रव आत, नाही तर तिच्या एवढ्या वर्षांचा केर.

तिने वीज तोडली, डबा उघडला. नळीच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. शेजारी हळद. तळाशी झेंडूच्या दोन पाकळ्या.

"लखन!"

लॅबचा शिपाई दारातच उभा होता, जसा काही बोलावण्याची वाटच बघत होता. "ताई, मी बोल्लो व्हतो सरांना, ताईला फोन लावा. सर म्हणे, ती गावाला गेलीय सणाला, तिला कशाला तरास? दसऱ्याची पूजा हाय, समद्या मशिनींची करायची."

"डबा कुणी उघडला?"

"सरांनी. संस्थेचे अध्यक्ष आले व्हते ना. झाकणाला कुंकू लावलं तर फोटोत काय दिसणार, म्हणे."

"आणि वीज?"

लखनने मान खाली घातली. "हिरवा दिवा लागला पायजे बोल्ले. मशीन बंद दिसलं तर अध्यक्षांना वाटंल, बिघडलंय."

तृप्तीने तळाच्या पाकळ्या वेचून काढल्या. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक! वर्गात याच नळीवर तासभर बोलणारे! नळीला देव मानलं आणि तिचाच डोळा फोडला.

तिचे मार्गदर्शक देवरे सर आले ते नवा शर्ट घालून. "अगं, चेहरा काय असा? पाहुणे यायचेत."

"सर, नळी मेली."

"मेली काय मेली? दोन मिनिटं उघडी होती. ठेव अंधारात, येईल ताळ्यावर."

"आज येणार नाही सर. कदाचित कधीच नाही. मॅडमना सांगा, आठ दिवस द्या, दुसरी नळी मागवते."

"वेडी आहेस का? अध्यक्ष हार घेऊन बसलेत वर." सरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, ऑगस्टचा आलेख आहे ना चांगला? तोच लाव स्क्रीनवर. खोटा थोडाच आहे? तूच काढलाय."

खोटा नव्हता, हेच तर वाईट होतं. तिने फाइल उघडली. सुंदर आलेख होता. पेठच्या डोंगरातून आलेली पोर, जिला इथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'कोट्यातली' म्हटलं होतं, तिने हा काढला होता. एक बटण दाबायचं, बस. हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

प्रतिभा मॅडम आल्या. साधी सुती साडी, पायात बूट. अध्यक्षही मागोमाग आत आले; त्यांचा हार मॅडमनी बाहेरच काढून ठेवला होता. "चला, दाखवा तुमचे अशक्त इलेक्ट्रॉन," त्या हसून म्हणाल्या.

सरांनी स्क्रीनकडे बोट केलं. तृप्तीने फाइल बंद केली, डब्याचं झाकण लावलं आणि यंत्र सुरू केलं. आकडा धावला.

"वा! एवढा उजेड?"

"नाही मॅडम. बाटली बाहेर आहे. ही बघा, माझ्या हातात."

आकडा पळतच होता.

"नळी गेली," मॅडम म्हणाल्या. "वाईट झालं. पण मला आज मोजणी हवी होती. परवा निर्णय."

"मग बाटली न्या. तुमच्या नळीसमोर ठेवा. सील पक्कं आहे."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. "मार्गदर्शकांची परवानगी असेल तर नेते. त्याशिवाय नाही नेता येणार."

"एक मिनिट हं मॅडम," म्हणत सरांनी तृप्तीला व्हरांड्यात घेतलं. तोंडावरचं हसू दारातच गळून पडलं.

"माझी अब्रू घालवलीस. आता नळी कशी गेली हे विचारणार ती. काय सांगशील?"

"जे झालं ते."

"मग बाटली इथेच राहील. कॉलेजची वस्तू आहे. नाही तर असं सांग, गावाला जायच्या घाईत तूच डबा उघडा टाकलास. आत्ता, तिच्यासमोर, अध्यक्षांसमोर. बाटली जाईल. मी स्वतः गाडीत ठेवतो."

"सर, तुम्हाला लाज..."

"परवा निर्णय आहे, तृप्ती."

तिला ओरडावंसं वाटलं. कठड्यावरून बाटली खाली फेकावीशी वाटली. पण द्रवाने काय गुन्हा केला होता? त्याला बिचाऱ्याला फक्त चमकायचं होतं, आणि ते बघायला एक धड नळी हवी होती. ती नाशकात उरली नव्हती.

ती आत आली. अध्यक्ष खुर्चीत बसले होते. लखन भिंतीला चिकटला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "वीज चालू असताना मी डबा उघडा टाकून गावाला गेले."

"या मुलांना शिस्तच नाही," अध्यक्ष म्हणाले. "किती करा यांच्यासाठी."

लखनचं तोंड उघडलं. तृप्तीने त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

मॅडमनी वीज तोडली, झाकण काढलं आणि त्या डब्यात वाकल्या. काचेवरचं कुंकू त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाल्या.

"तू? बाटलीतली हवासुद्धा हुसकणारी तू, आणि डबा उघडा टाकलास?"

"हो मॅडम," तृप्तीने बाटली काळ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "ऊन लागू देऊ नका. न्या लवकर."