पेरभर वात

सुशीलानं वात कापली. पेराएवढी ठेवली, बाकीची चुलीत टाकली. साच्यातलं मेण गोठत आलं तसा तो तुकडा वरून खोचला.

"आई, चौथी मेणबत्ती तर होती ना? नवी कावून बनवून रायली?" दामिनीनं विचारलं.

"वाकली थे."

वाकली नव्हती. तांदळाच्या डब्यात होती.

*

मरोद्याच्या या घरात नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, लोखंडी कड्यावर चार मेणबत्त्या. कडं सुशीलाच्या नवऱ्यानं, ओमप्रकाशनं, स्वतः वेल्डिंग केलेलं. पहिली मेणबत्ती घरातल्या धाकट्यानं लावायची, चौथी सगळ्यांत मोठ्यानं. आणि आजेसासऱ्यापासूनचा नेम असा, की ज्याच्या हातून ती विझेल, त्यानं नाताळला गव्हाणीत बाळ येशू ठेवायचा नाही.

सगळ्यांत मोठा देवराव. तिचा थोरला दीर, चर्चचा पंच. बाळ दरवर्षी तोच ठेवायचा.

*

मागच्या उन्हाळ्यात, ओमप्रकाश अंगणात पांढऱ्या चादरीखाली असताना, देवराव म्हणाला होता:

"पेत होता. चर्चले येत नव्हता. कब्रस्तानात जागा नाही भेटणार."

सख्खा भाऊ.

शेवटी उतईला, तिच्या माहेरच्या शेताच्या बांधाशी पुरलं.

*

आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं. सुशीलाला ते जमत होतं.

*

चौथा रविवार. देवराव काठी टेकत आला, मागून त्याची बायको अन्नपूर्णा.

"सुशीला, चहात साखर टाकशीन, का प्रार्थनेनंच गोड करू?"

"तुमीच करा भाऊजी. तुमची लवकर पोचते वरती."

अन्नपूर्णा हसली. मग हसायची थांबली.

दामिनीनं गाणं म्हटलं. तीन मेणबत्त्या जळत होत्या. देवरावानं चौथी लावली. सगळ्यांनी डोळे मिटले, सुशीलानं नाही.

ज्योत बुटकी झाली. निळी झाली. गेली.

"हवा लागली असंल," अन्नपूर्णा म्हणाली.

"पंखा तो बंद है, बडी मम्मी," दामिनी म्हणाली.

देवरावानं दुसरी काडी ओढली. वात नव्हतीच. मेणात काळं भोक. त्यानं वाकून त्यात पाहिलं, मग सुशीलाकडे.

"दुसरी हाय का घरात?"

"नाही."

त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला चिनी मातीचा बाळ येशू काढला आणि टेबलावर ठेवला.

"दामिनी ठेवीन यंदा."

सुशीलानं त्याला करंज्या वाढल्या. आग्रह करून. त्यानं एक उचलली. ती हातातच राहिली. किती दिवसांनी तिला स्वतःला भूक लागली होती.

*

नाताळच्या दुपारी ती डब्यातली मेणबत्ती घेऊन एकटीच उतईला गेली.

बांधाशी, ओमप्रकाशच्या उशाच्या दगडावर लाल मेण होतं. चर्चमधल्या मेणबत्तीचं. ताजं. त्याखाली फिकट पडलेला थर, उन्हानं पसरलेला. त्याखाली आणखी एक, मातीनं काळा झालेला. ओल्या मातीत काठीच्या रबराचे गोल ठसे बांधावरून येत होते आणि दगडापाशी, बराच वेळ उभं राहिल्यासारखे, एकाच जागी खोल रुतले होते.

ती पाहत उभी राहिली.

"तुया भाऊ चोरून येते," ती दगडाला म्हणाली. "चार लोकांत नाही आला तुयासाठी."

मग बसली आणि नखांनी मेण खरवडायला लागली. ताजं निघालं. फिकट निघालं. काळा थर निघेना, तेव्हा खापरी घेतली. दगड कोरा झाल्यावर त्यावर अख्ख्या वातीची मेणबत्ती लावली.

शेतात वारा होता. नखांत लाल मेण भरलेली ओंजळ तिनं ज्योतीभोवती धरली, आणि मेणबत्ती संपेपर्यंत काढली नाही.