एक्केचाळीस नंबरचे इंजिन मी कापू दिले नाही

सुज्ञ वाचकहो, सन १९८४ मध्ये तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यातील वाफेचे इंजिन भंगारात जाण्यापासून कसे वाचले, त्याचा वृत्तांत मी आता यथामती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु ह्या हकिकतीबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही.

हे इंजिन विलायतेतील एका लहानशा कंपनीने घडविले होते. त्या कंपनीने अवघी बेचाळीस इंजिने बांधली व ती बंद पडली. आमचे एक्केचाळिसावे. अकरा वर्षे मी त्याचा ड्रायव्हर होतो.

डिझेल इंजिन आल्यावर मॅनेजर सबनीस साहेबांनी ते दिलीपशेठ भंगारवाल्यास विकले. मी विनवणी केली, तेव्हा साहेब म्हणाले, "वामन, तुझ्या इंजिनाचा बापच वारलाय. पार्ट कुठनं आणू?"

"बाप तर माझाबी वारलाय, साहेब. मंग मलापन भंगारात काढनार काय?"

सारे हसले. मी हसलो नाही.

इंजिन कापण्याच्या दिवशी प्रातःकाळीच मी भट्टी पेटविली, वाफ चढविली, आणि मालाचा प्रत्येक डबा जेथून बाहेर पडतो त्या रुळांच्या सांध्यावर इंजिन नेऊन ब्रेक आवळले. शेठचा गॅसकटरवाला कान्हा आला. वाफ भरलेल्या बॉयलरला ज्योत लावली तर तो फुटतो, हे त्या धंद्यातील प्रत्येक मनुष्य जाणतो. वाफेच्या दाबाचा काटा पाहताच त्याने नळी गुंडाळली.

"शेठ, हे जित्तं हाय. मी हात लावनार नाय."

साहेबांनी आग काढण्याचा हुकूम केला. तो मी मानला नाही. दुपारी कोळसा सरला, तेव्हा माझी पत्नी सखू कोपरखैरण्याहून बायकांसह लाकडाच्या मोळ्या घेऊन आली. फाटकावरील पहारेकरी दिनानाथ आमच्याच गावचा. अडविणे दूरच, एक मोळी त्यानेच आत आणली.

दुसऱ्या दिवशी सतरा भरलेले डबे खोळंबले आणि साहेब स्वतः माझ्यापाशी आले. शेठचे पैसे परत करून इंजिन फाटकाजवळ जतन करू, परंतु तू राजीनामा दे, असे म्हणाले. आधी आपण लिहून सही करा, असे मी सांगितले. त्यांनी केली. मग मी राजीनाम्यावर केली, इंजिन फाटकाजवळ नेऊन उभे केले, आणि आग स्वहस्ते बाहेर ओढली.

नोकरी गेली, त्याचा मला यत्किंचित खेद नाही. साहेबांची बदली झाली. इंजिन तेथेच उभे आहे.

आपण हे लेखन अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल आपला ऋणी,
वामन पंढरी मढवी, कोपरखैरणे गाव