शेवटच्या खोलीतली भिंत

आमच्या गेमची परीक्षणं एका सकाळी एकदम आली. तशी ती एकदमच येतात. समीक्षकांना आम्ही आधी प्रत देतो आणि ठरल्या वेळेआधी तोंड उघडायचं नाही असं बजावतो. हे बजावायचं काम माझं. चित्रं माझा नवरा काढतो, कोडी त्याची धाकटी बहीण रचते, आणि उरलेलं सगळं वहिनी निस्तरते. वहिनी म्हणजे मी.

गेम सांगायला सोपा आहे. प्रत्येक कोड्यात एक खोली, एक बंदूक, एकच गोळी. गोळी भिंतींवर आपटत फिरते, सगळे दिवे फोडते आणि शेवटी मारणाऱ्याच्याच हातात परत यावी लागते. नाही आली की पुन्हा पहिल्यापासून. सगळं काळं आणि केशरी, तिसरा रंग नाही. त्या दोन रंगांपायी नवऱ्याचं इतकं डोकं फिरलं होतं की मी घरात पिवळी उशी आणली तर तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

परीक्षणं चांगली होती. डोळ्यांचं पारणं फिटतं, असं एकाने लिहिलं. प्रत्येक चौकट भिंतीवर टांगावी अशी, असं दुसरीने. कोड्यांवर सगळ्यांनी मिळून चार वाक्यं खर्ची घातली असतील. कोडी ठीक आहेत, कोडी आड येत नाहीत. वर बहुतेकांनी एकच चित्र छापलं होतं, शेवटच्या खोलीचं. ते प्रतीसोबत मीच पाठवलं होतं.

नणंदेला घरात शेंग म्हणतात, कारण ती उंच आहे आणि कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. तिने सगळं वाचलं आणि मला विचारलं, "वहिनी, आड येत नाहीत म्हणजे काय गं? कोडं असतंच आड यायला."

"अगं, कौतुकच आहे ते," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा सकाळपासून फुलला होता.

शेंगेला एका शाळेने भूमिती शिकवायला बोलावलं होतं. परीक्षणं येऊ देत, मग कळवते, असं तिने सांगून ठेवलं होतं. कोड्यांना किंमत नसेल तर दादाच्या चित्रांवर बांडगुळासारखं राहायचं नाही, हे तिचे शब्द. त्यामुळे मी दिवसभर एखादं तरी परीक्षण तिच्या बाजूचं सापडतंय का ते शोधत होते.

समीक्षकांना दिलेल्या प्रतीत एक सोय असते. कोण कुठल्या खोलीपर्यंत पोचलं ते आम्हाला दिसतं. तसं आम्ही त्यांना कळवतोही, पण असलं कळवलेलं वाचतो कोण! मी पाहिलं, तर पारणं फिटलेले गृहस्थ चौथ्या खोलीत ढेपाळले होते. भिंतीवर टांगणाऱ्या बाईंनी दुसरीतूनच काढता पाय घेतला होता. शेवटच्या खोलीपर्यंत एकच माणूस गेला होता. त्याला या धंद्यात सगळे खवचट म्हणतात, आणि एकदा दिलेलं मत तो बदलत नाही अशी त्याची ख्याती आहे. सगळ्यांत कमी गुण त्याचेच होते.

त्याने लिहिलं होतं की चित्रांबद्दल इतर लिहितीलच, मी कोड्यांबद्दल लिहितो. आणि खरंच लिहिलं होतं, खोलीवार, शेंगेची प्रत्येक खोड ओळखून. वाचताना मला आनंदाने हसू फुटलं. मग शेवटचा परिच्छेद आला. शेवटची खोली पहिल्याच सरळ गोळीत सुटते, इथवर चालवत आणलं आणि दारात कुणीच नाही, ज्याला शेवट रचता येत नाही त्याने माणसांना बोलावू नये.

शेंगेने तो परिच्छेद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "सरळ गोळीत? शक्यच नाही." तिने खोली उघडली, सरळ गोळी मारली. दिवे पटापट फुटले आणि गोळी हातात येऊन बसली. ती पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"ही भिंत दोन चौकोन अलीकडे आलीय," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं असणार. शेवटी शेवटी डोळे मिटत होते माझे. दादा, मी घाण केली रे."

नवरा मागेच उभा होता. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

माझा नवरा खरं बोलतो तेव्हा लांबण लावतो. एवढ्यात कधी आटपत नाही. शेंग शाळेला होकार लिहायला बसली आणि मी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तो धुतलेले कप पुन्हा धुवत होता.

"भिंत तू हलवलीस."

"चौकट डावीकडे कलत होती गं," तो हळूच म्हणाला. "डोळ्याला खुपत होतं. दोन चौकोनांनी काय होतंय असं वाटलं मला."

"तिला सांग."

"आता सांगून काय उपयोग? भिंत परत सरकवली तर चित्र जातं. तेच चित्र सगळ्यांनी छापलंय. तेच बघून लोक गेम घेतायत."

"अरे, ती बाहेर होकार लिहितेय. स्वतःला नालायक ठरवून लिहितेय. तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने हात पुसायला भरपूर वेळ घेतला आणि बाहेर गेला. मी दारात उभी राहिले. मला त्याचा भरवसा नव्हता.

त्याने सांगितलं, यावेळी चांगली लांबण लावून. शेंग चिडेल असं मला वाटलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "हलवल्यावर खेळून नाही बघितलंस?"

"नाही."

"पण आधी तू ती सोडवली होतीस ना? मग भिंत हलली की सरळ गोळी लागते हे तुझ्या लक्षात..." ती थांबली. "दादा, आधी सोडवली होतीस ना?"

तो कोरडे हात पुन्हा पुसायला लागला.

"एकदाही नाही?"

"तू दाखवायचीस ना मला सोडवून," तो म्हणाला. "चित्रासाठी तेवढं पुरायचं."

"बाकीच्या खोल्या?"

"पहिल्या दोन-तीन खेळलोय."

मला नवऱ्याची लाज वाटली. तो चौथ्या खोलीत ढेपाळलेला माणूस निदान तिच्या घरचा नव्हता.

भिंत तिने स्वतः जागेवर नेली आणि दुरुस्त गेम आम्ही सगळ्यांना पाठवला. ओरड लगेच सुरू झाली. चौकट बिघडवली, इतकं सुंदर चित्र कुणी नासवलं, डोळे आहेत की नाहीत? नवऱ्याला पहिल्यांदाच शिव्या पडत होत्या. प्रत्येक तक्रारीखाली त्याने लिहिलं, "चूक आधीच्या चित्रात होती आणि ती माझी होती." खवचट आपल्या लौकिकाला जागला. त्याने एक अक्षर बदललं नाही.

शेंगेचा होकार लिहून तयार होता, फक्त पाठवायचा होता. रविवारी दुपारी ती तो पुन्हा वाचत बसली असताना नवरा शेजारी येऊन बसला आणि पहिल्या खोलीपासून खेळायला लागला. मदत मागितली नाही, तिने केली नाही. संध्याकाळ झाली. चहा गार झाला. शेवटच्या खोलीत तो पोचला तेव्हा त्याचे केस उभे होते.

ती खोली मी सोडवली आहे, आठवडाभर नणंदेच्या नावाने बोटं मोडत. तोवरच्या सगळ्या खोल्या एका जागी उभं राहायला शिकवतात. इथे गोळी तुमच्याकडे येतच नाही, तुम्हीच जागा सोडून तिच्या वाटेत जायचं असतं. शेंगेने सोडवून दाखवली तेव्हा तो नुसते रंग बघत होता. तो सरळ मारी, तिरकी मारी, कोपऱ्यात मारी. दिवे फुटत आणि गोळी हातभर लांबून निघून जाई. केशरी, काळं, चौकट, सगळं तो विसरला होता. खुर्चीच्या टोकावर येऊन दात-ओठ खात होता. शेंग पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

आणखी एक गोळी गेली. त्याने बटणं आदळली.

"कुणी रचलंय हे?" तो खरोखरच ओरडला. "कोण माणूस आहे हा? याला काही दयामाया?"

"मी," शेंग म्हणाली, आणि होकार पुसून टाकला.